पालेर्मोत शिजवलेला चिकन पास्ता

इटलीच्या दक्षिणेला सिसिली नावाचे बेट आहे आणि पालेर्मो ही त्याची राजधानी. तिथे जायचे आमचे ठरले ते इतिहासाच्या ओढीने. इ.स. ८३१ मध्ये हे शहर मुस्लिमांच्या ताब्यात आले आणि १०७२ मध्ये नॉर्मनांनी ते जिंकेपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. दहाव्या शतकात इथे आलेला प्रवासी इब्न हौकल याने शहरात तीनशेहून अधिक मशिदी असल्याचे लिहून ठेवले आहे. आज त्यांतली एकही तशी उभी नाही, पण खुणा आहेत. समुद्राकाठच्या ‘काल्सा’ या मोहल्ल्याच्या नावात अरबी ‘अल-खालिसा’ दडलेले आहे. मोठ्या कॅथेड्रलच्या दक्षिण दारातल्या एका खांबावर आजही कुरआनची आयत कोरलेली दिसते. जुन्या शहराच्या एका भागात गल्ल्यांच्या पाट्या इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीन लिप्यांत आहेत. आमच्या धाकट्या लेकीने मदरशात शिकलेल्या अक्षरांवर त्यातली एक पाटी अडखळत वाचली, तेव्हा अम्मींच्या डोळ्यांत पाणी आले.

डोळ्यांना असे सुख होते, पण पोटाचे हाल चालले होते. आम्ही पाचजण: आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी. हॉटेलात जावे तर कुठल्या सॉसमध्ये डुकराचे मांस, कुठे वाईन. विचारावे तर भाषेची अडचण. शिवाय पाचजणांचे एक वेळचे साधे जेवण साठ-सत्तर युरोंच्या घरात जात होते. मुले पिझ्झावर खूश होती. अम्मींनी मात्र तीन दिवस पाव, टोमॅटो आणि संत्र्यांवर काढले. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला असे किती दिवस ठेवणार? तिसऱ्या रात्री त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर खाऊ घातल्यावर बरे वाटले, पण आम्हाला झोप लागली नाही. इतिहास बघायला आणलेल्या आईला आपण उपाशी ठेवतो आहोत, हेच मनात येत राहिले. सकाळी ठरवले, आजपासून रात्रीचे जेवण घरी.

बलारो हा पालेर्मोचा जुना बाजार. रंगीत ताडपत्र्यांखाली वांग्यांचे ढीग, लिंबे, मासळी आणि विक्रेत्यांच्या लांबलचक आरोळ्या. आपल्या मंडईत आल्यासारखेच वाटले. वांगी, लिंबू, ऊस ही पिके या बेटावर अरबांनीच रुजवली. टोमॅटो मात्र फार पुढे अमेरिकेतून आला. बाजाराच्या आसपास बांगलादेशी आणि ट्युनिशियन लोकांची दुकाने आहेत. एका बंगाली भाईंच्या दुकानात हलाल कोंबडी मिळाली. आम्ही पास्त्यासाठी चिकन नेतोय म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, “इथले लोक पास्त्यात कोंबडी घालत नाहीत. आधी पास्ता खातात आणि चिकन नंतर वेगळे.” आम्ही म्हटले, आमच्याकडे एकच चूल आणि एकच ताट, सगळे एकत्रच येणार!

भाड्याच्या घरातल्या भांड्यांत आधी काय शिजले असेल, ही अम्मींची शंका होती. गरम पाण्याने नीट घासून धुतले की भागते, हे त्यांनाही माहीत होते. तरी त्यांचे मन निवांत राहावे म्हणून बाजारातून एक मोठे स्वस्त पातेले घेतले. अस्रनंतर कामाला लागलो.

पाचजणांसाठी आम्ही घेतले ते असे: अर्धा किलो सुका पास्ता, साधारण सहाशे ग्रॅम बिनहाडाचे चिकन, किलोभर पिकलेले टोमॅटो, दोन कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या, एक वांगे, एक लिंबू, सुकी लाल मिरची, तुळशीच्या जातीतला बेसिल नावाचा पाला आणि ऑलिव्हचे तेल. भांडे सोडून सगळा खर्च पंधरा युरोंच्या आत बसला.

चिकनचे लहान तुकडे करून त्यांना मीठ, मिरपूड आणि लिंबू चोळून पाव तास ठेवले. दोन-तीन चमचे तेलात ते मोठ्या आचेवर लालसर परतून बाजूला काढले. त्याच तेलात वांग्याच्या फोडी, मग कांदा, मग ठेचलेला लसूण आणि मिरची घातली. लसूण करपू द्यायचा नाही, कडू लागतो. चिरलेले टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत शिजवले, मग चिकन परत टाकून झाकण ठेवले. दहा मिनिटांत चिकन मऊ झाले.

पास्त्याला पाणी भरपूर लागते. इथला हिशेब शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ असा आहे. अम्मींना रक्तदाबही असल्याने मीठ आम्ही निम्म्यावर आणले. पाणी खळखळल्यावरच पास्ता टाकायचा आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी काढायचा, कारण उरलेला तो रश्श्यात शिजतो. पाणी सगळे ओतून द्यायचे नाही. त्यात पास्त्याचे पीठ उतरलेले असते. त्यातले वाटीभर पाणी रश्श्यात घातले की रस्सा दाट होऊन पास्त्याला धरून बसतो.

राहिला चीजचा प्रश्न. इथले पारंपरिक कडक चीज जनावराच्या पोटातून मिळणाऱ्या रेनेटने विरजतात. ते जनावर कसे कापले गेले ते कळत नाही, म्हणून आम्ही ते टाळले. त्याची वाट सिसिलीच्या गरिबांनीच कधीची काढून ठेवली आहे. ज्यांना चीज परवडत नसे ते शिळ्या पावाचा चुरा तेलात खमंग भाजून पास्त्यावर भुरभुरत. तीन दिवसांचा शिळा पाव आमच्याकडे होताच!

मगरिबची नमाज झाली. जमिनीवर चादर अंथरून दस्तरखान मांडला. अम्मींनी बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास घेतला, आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी ताट पुढे केले आणि म्हणाल्या, “अजून थोडा वाढ.” अल्हम्दुलिल्लाह! त्या रात्री आम्ही सगळे शांत झोपलो.

रश्श्यातून शेजाऱ्याचा वाटा काढावा ही आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण. अम्मींनी झोपण्याआधी एक ताटली वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना पाठवली होती. पास्त्यात चिकन बघून त्यांच्या भुवया उंचावल्या. सकाळी ताटली परत आली, तीत सहा लिंबे होती.

दुसऱ्या दिवशी आगगाडीने त्राबिया या समुद्राकाठच्या लहान गावी गेलो. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या दरबारात अल-इद्रिसी हा थोर मुस्लिम भूगोलतज्ज्ञ होता. त्याने ११५४ मध्ये आपला जगाच्या भूगोलाचा ग्रंथ पूर्ण केला. या गावाविषयी त्याने लिहिले आहे, की इथे बारमाही पाणी आणि पाणचक्क्या आहेत, ‘इत्रिया’ मोठ्या प्रमाणात बनते आणि जहाजे भरभरून मुस्लिम आणि ख्रिस्ती मुलुखांत जाते. इत्रिया म्हणजे सुकवलेल्या पिठाचे दोर. मार्को पोलोने चीनमधून पास्ता आणला असे अनेकजण सांगतात, पण तो परत आला १२९५ मध्ये. त्राबियाची जहाजे त्याआधी शंभर वर्षांहून अधिक काळ चालू होती.

हे सगळे ऐकून अम्मी म्हणाल्या, “म्हणजे या तर आपल्या शेवयाच की!” मिरजेच्या घरी ईदच्या शीरखुर्म्यासाठी त्यांनी उन्हाळ्यात बाजेवर किती शेवया वाळवल्या असतील, त्याचा हिशेब नाही. पास्त्याचा ड्युरम गहू म्हणजे आपल्याकडचा बन्सी, हे सांगितल्यावर तर तीन दिवस ज्याच्याकडे बघायला तयार नव्हत्या तो पास्ता त्यांना घरचा वाटू लागला.

आता महिन्यातून एकदा मिरजेत हा बेत असतो. ऑलिव्ह तेलाऐवजी शेंगदाण्याचे तेल, बेसिलऐवजी कोथिंबीर, वर शिळ्या पावाचा चुरा. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेले तेवढे बघून घ्यावे, मैद्याचा पास्ता गिचका होतो. अर्ध्या किलो चिकनमध्ये पाचजण पोटभर जेवतात. पास्त्याचे वाटीभर पाणी अम्मी स्वतः काढून ठेवतात, आणि एक ताटली शेजारी पाठवायचीही.