जनरेटरच्या पोटातलं क्रियापद

जनरेट, जनरेटर, जनरेशन! सध्या भाजी चिरताना, एसटीची वाट बघताना माझ्या तोंडी हेच, आणि भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलेय. अहो, जनरेटर हा शब्द आमच्या अलोरे गावात कोणाला येत नाही? कोयनेचं पाणी पोफळीला वीज देऊन कोळकेवाडी धरणात येतं, तिथून आमच्या पॉवर हाऊसमध्ये उतरतं, पुन्हा वीज देतं आणि मग वाशिष्ठीला मिळतं. ८० मेगावॉटचा एक, असे चार संच आहेत इथे. प्रकल्पामुळे ऑपरेटर, ट्रान्सफॉर्मर, इन्सुलेटर हे शब्द आमच्या कानावरून कायम जायचे. पण त्या प्रत्येकाच्या पोटात एक क्रियापद बसलंय, हे मला आता पन्नाशीनंतर दिसलं!

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. वहीला मधोमध रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, करा पाठ. प्रत्येक शब्द सुटा, कोणाचा कोणाशी संबंध नाही. आता हौसेने डिक्शनरी उघडली, ‘ऑपरेट’ काढला, आणि फणस फोडल्यावर गऱ्यामागून गरा निघावा तसे शब्द निघायला लागले. पॉवर हाऊसमधला ऑपरेटर, दवाखान्यातलं ऑपरेशन आणि बाजारपेठेतली को-ऑपरेटिव्ह बँक ही तिन्ही एकाच घरची! मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काम. ‘को’ म्हणजे सोबत. आणि आपला सहकार? ‘सह’ अधिक ‘कृ’ धातूवरून आलेला ‘कार’. तीच बांधणी, तेच दोन तुकडे! हे लक्षात आलं तेव्हा मला खुर्चीत बसवेना.

आता माझ्या वहीत चार रकाने आहेत: नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण. डिसिजन, डिसाइड, डिसाइसिव्ह, डिसाइसिव्हली. एक शब्द शिकायला बसायचं आणि चार घेऊन उठायचं. उच्चारांची गंमत तर विचारूच नका. इलेक्ट्रिकमधला शेवटचा ‘सी’ क म्हणतो, इलेक्ट्रिसिटीत तोच स होतो आणि इलेक्ट्रिशियनमध्ये श!

मोठेपणी शिकणाऱ्याकडे एक भांडवल असतं, ते म्हणजे मुरलेली मराठी. गोड-गोडवा, गार-गारवा आपण व्याकरण न आठवता बोलतो. इंग्रजीत तसंच वॉर्म-वॉर्म्थ, डीप-डेप्थ. आणि सगळ्यात भारी सापडलं ते हे: पडणं आणि पाडणं. मराठीत आतला स्वर लांबवला की आपोआप पडणाऱ्याला पाडणारा मिळतो. इंग्रजीत ‘फॉल’ म्हणजे पडणं, आणि झाड तोडून पाडणं याला क्रियापद आहे ‘फेल’! नापास होण्याचा फेल वेगळा. हा थेट फॉलचा भाऊ. सिट आणि सेट, म्हणजे बसणं आणि बसवणं, हीदेखील तशीच जोडी. कोणी सांगितलं कसं नाही हो हे आम्हाला?

१७८६ मध्ये कलकत्त्याला सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात असं मांडलं होतं. ते वाक्य शाळेत नुसतं ऐकलेलं. पण जनरेटमधला ‘जेन’ आणि आपल्या जन्म, जनक, जननीतला ‘जन’ एकाच मुळाचे आहेत, हे वाचलं आणि अंगावर काटा आला. म्हणजे कोळकेवाडीच्या पायथ्याशी फिरतोय तो विजेचा जनकच! जनरेशन म्हणजे वीजनिर्मिती आणि जनरेशन म्हणजे पिढी, दोन्ही का, तेही सुटलं.

आज ‘ट्रान्सफॉर्मर’ घेतलाय. त्यातला ‘फॉर्म’ म्हणजे रूप. ट्रान्सफॉर्म म्हणजे रूपांतर. ‘युनि’ म्हणजे एक, म्हणून शाळेतल्या सगळ्या पोरांना एकरूप करणारा युनिफॉर्म. रिफॉर्म, इन्फॉर्म, इन्फॉर्मेशन… रकाने भरले, आता समासात लिहितेय.