‘माणूस कोणी नाही’

गेल्या कापूसवेचणीच्या दिवसांत पैनगंगेकाठच्या एका गावी आम्ही घरभेटीस गेलो होतो. एका घरची मुलगी दहावीनंतर शाळेतून काढणार, असे कानी आले होते. त्याविषयी बोलावे हा हेतू. दाराशी उभे राहून हाक दिली, तो आतून उत्तर आले, “माणूस कोणी नाही जी घरी, फादर. सारे वावरात गेले.” बोलणारी त्या मुलीची आई होती, मुलगीही शेजारीच उभी होती. “बरे, रविवारी येऊ,” असे म्हणून आम्ही परतलो.

वाटेत आमची आम्हांसच लाज वाटली. दोन माणसे समोर असता ‘माणूस नाही’ हे आम्ही निमूटपणे मान्य केले होते!

तेव्हा हंसाबेन मेहता यांचे स्मरण झाले. १८९७ साली सुरतेस जन्मलेल्या या विदुषीने बडोद्यास तत्त्वज्ञानाची पदवी घेतली व इंग्लंडात पुढील अध्ययन केले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावास भोगला, शेक्सपिअरची नाटके गुजरातीत आणली. महर्षी कर्वे यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या आणि १९४९ पासून बडोदा विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या.

१९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. श्रीमती एलिनॉर रुझवेल्ट अध्यक्षा होत्या. जाहीरनाम्याच्या मसुद्यात, सर्व ‘मेन’ समान आहेत, असे शब्द होते. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ माणसे असाही होतो, पुरुष असाही. त्यात स्त्रिया आल्याच, असे सांगण्यात आले. हंसाबेन मात्र हटल्या नाहीत. जेथे स्त्रीस वगळायचे आहे, तेथे हाच शब्द पुढे केला जाईल, हे त्या जाणून होत्या. अखेर १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे जाहीरनामा संमत झाला, तो ‘सर्व मानव’ या शब्दांनी. १९९५ साली हंसाबेन निवर्तल्या. तो शब्द जगभर कायम आहे.

रविवारी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. घरधनी ओसरीवर होते. आम्ही प्रथम मुलीसच विचारले, “बाळ, तुझे काय म्हणणे?” बराच वेळ ती खाली पाहत राहिली. मग म्हणाली, “मला शिकायचे आहे.” बाप चकित होऊन तिच्याकडे पाहू लागला. हे तिला घरात कोणी विचारलेच नव्हते.

निर्णय अद्याप झालेला नाही. परंतु, भगिनींनो, यापुढे आम्ही दाराशी हाक दिली, तर ‘माणूस नाही’ असे सांगू नका. आम्ही ऐकणार नाही.