मीठ काढण्याची किंमत

आशीर्वादाच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालण्याची आपल्यात जुनी प्रथा आहे. ते काम क्षणाचे. तेच मीठ पाण्यातून काढावयास काय पडते, याची चिंता आम्ही समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, वर्धा जिल्ह्यात बसून का करावी, असे वाचक विचारतील.

मुंबई महापालिकेने 2021 साली मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या प्रकल्पासाठी एका इस्रायली कंपनीशी करार केला. रोज 20 कोटी लिटर पाणी. उभारणीस 1,600 कोटी रुपये आणि 20 वर्षे चालविण्यास 1,920 कोटी, असा त्या वेळचा अंदाज होता. व्याज सोडून हजार लिटरमागे सुमारे 24 रुपये होतात. उभारण्यापेक्षा चालविणे महाग, हे ध्यानात घ्यावे.

कारण उघड आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. तत्त्व स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचेच. पण हे पाणी पडद्यातून दाबून काढावयास कितीतरी पट जोर लागतो. हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज, म्हणजे रोज सहा ते आठ लाख युनिट.

ही वीज येणार कोठून? राज्याची पुष्कळशी वीज अजून कोळशावर होते, आणि कोळसा आमच्या विदर्भात आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रापासून मुंबईकडच्या पडघ्यापर्यंत 1999 पासून उच्चदाब वाहिनी आहे. त्या केंद्राला पाणी लागते ते इरई धरणाचे. ही इरई आमच्याच वर्धा नदीला जाऊन मिळते. 2010 च्या उन्हाळ्यात धरणाने तळ गाठला, तेव्हा तेथील काही संच बंद ठेवावे लागले. समुद्र आटत नाही, म्हणून त्याचे पाणी पावसाच्या लहरीतून सुटले, असे म्हणणाऱ्यांनी तो उन्हाळा आठवावा. प्रकल्प सौर वा पवन विजेवर चालला तर आमचा हा आक्षेप बराचसा गळून पडेल. पण तशी अट आरंभीच घालावयास हवी.

मनोरीच्या कोळी बांधवांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांत आपले ख्रिस्ती भाविकही पुष्कळ. एक लिटर गोडे पाणी काढले की लिटराहून अधिक, सुमारे पावणेदोनपट खारट पाणी समुद्रात परत सोडावे लागते. यांची जाळी त्याच किनाऱ्यालगत पडतात. वर मांडलेल्या 24 रुपयांत मासळीचा हिशेब कोठेच नाही.