आधी धाकट्यांनी बोलावे

पुस्तकाविषयी मत देणे हे काम फार सोपे आहे, असा पुष्कळांचा समज असतो. ‘छान आहे’, ‘कंटाळवाणे आहे’, ‘मुलांच्या हाती देण्याजोगे नाही’ एवढे म्हटले की अभिप्राय संपला! वस्तुतः हा अभिप्राय नसून निकाल होय. आणि कारणे न देता दिलेला निकाल न्यायाधीशासही शोभत नाही, मग गृहस्थास कसा शोभावा?

आमच्या घरी लहानमोठी मिळून अकरा माणसे आहेत. आठवड्यातून दोन रात्री जेवणे उरकल्यावर एकाने मोठ्याने वाचावे व इतरांनी ऐकावे, असा आमचा परिपाठ आहे. वाचनानंतर चर्चा ओघानेच येते. तीस आम्ही दोन नियम घातले आहेत. जो मत देईल त्याने पुस्तकातील जागा दाखवावी, हा पहिला. आणि सर्वांत धाकट्याने आधी बोलावे व वडीलधाऱ्यांनी शेवटी, हा दुसरा. या दुसऱ्या नियमाचे कारण मला वर्गात समजले. गुरुजींचे मत एकदा कळले की चाळीस वह्यांत एकच उत्तर उतरते. घरीही आजोबा ‘उत्तम’ म्हणाले की नातवंडांची जीभ तिकडेच वळते. त्यात त्यांची सभ्यता दिसते. पण त्यांस काय वाटले ते मात्र कधीच कळत नाही.

गेल्या चातुर्मासात आम्ही ‘पंचतंत्र’ वाचावयास घेतले. विष्णुशर्म्याने तीन मंदबुद्धी राजपुत्रांस सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकविण्याची प्रतिज्ञा केली, अशी त्याची प्रस्तावना आहे. अर्थात् ग्रंथ मुलांसाठी, पण विषय राजकारणाचा! मुलांकरिता केलेल्या संक्षेपांत सुट्या गोष्टी व त्यांखाली एकेक तात्पर्य एवढेच बहुधा उरते. आम्ही ‘मित्रभेद’ हे पहिले तंत्र सबंध वाचले. पिंगलक सिंह व संजीवक बैल यांची मैत्री दमनक कोल्हा चहाड्या करून मोडतो. सिंह बैलास ठार करतो. करटकाने निर्भर्त्सना करूनही दमनक शेवटी मंत्रिपदावर सुखाने नांदतो. हे ऐकून सूनबाई अस्वस्थ झाल्या. दुष्टाची सरशी झालेली गोष्ट मुलांस सांगावी काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. माझ्या धाकट्या बंधूंचे म्हणणे असे की, व्यवहारात दमनक भेटणारच, तेव्हा त्याची ओळख घरीच झालेली बरी.

परंतु या दोघांच्या आधी, नियमाप्रमाणे, माझी आठ वर्षांची नात बोलून चुकली होती. ती म्हणाली, “सिंहाने बैलाला एकदा तरी स्वतः विचारायला हवं होतं.” जागा दाखव म्हटल्यावर तिने दमनक सिंहाचे कान भरतो तो भाग काढून दिला. कोल्ह्याच्या दुष्टपणाविषयी आम्ही मोठी माणसे बोलत राहिलो असतो; दोष ऐकणाऱ्याचाही आहे, हे तिने पाहिले. त्या वाक्यानंतर घरातील दोन वडील मंडळी काही वेळ खाली पाहत राहिली. त्याचे कारण मुलांस ठाऊक नव्हते, व येथे सांगण्याचेही प्रयोजन नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोघांचा चहा पुष्कळ दिवसांनी एकत्र झाला, एवढे मात्र सांगतो.

हल्ली अनेक पुस्तकांवर वयोगट छापलेला असतो. विकत घेणारास त्याचा उपयोग आहे, हे मी नाकारीत नाही. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 साली ‘बालबोध’ व वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 साली ‘आनंद’ ही मासिके मुलांसाठी काढली, तेव्हा मुलांचे स्वतंत्र वाङ्मय ही मराठीची मोठीच गरज होती. तथापि एकच पुस्तक दोन वयांची माणसे दोन बाजूंनी वाचतात, हेही विसरता कामा नये. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. पोहण्यास भिणाऱ्या श्यामला आई मारून पाठविते, तो प्रसंग ऐकताना आम्हां मोठ्यांचे लक्ष आईच्या काळजाकडे होते. माझा नातू म्हणाला, “मारलं नसतं तरी मी दुसऱ्या दिवशी गेलो असतो.” तो श्यामच्या शेजारी उभा होता, आम्ही आईच्या.

याच्या उलट अनुभव लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी दिला. 1934 सालापासून भागशः प्रसिद्ध झालेले हे पुस्तक प्रौढांचे म्हणून समजले जाते. त्यातील वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याच्या हकिगती ऐकून मुले पोट धरधरून हसली. सर्वांचे बोलून झाल्यावर आमच्या आत्याबाई म्हणाल्या, “हसा, खुशाल हसा, पण त्या सोवळ्याचं पाणी वाहिलं कोणी, तेवढं बघा.” मुले गप्प झाली, व तोच भाग त्यांनी पुन्हा वाचावयास लाविला. आत्याबाई आधी बोलत्या तर कोणी हसलेच नसते, आणि लक्ष्मीबाईंनी तर तो भाग हसविण्यासारखाच लिहिला आहे. त्या शेवटी बोलल्या म्हणून मुलांस हसूही मिळाले व त्यामागचे दुःखही.

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखाली राहतात, त्यांस ही सोय आयतीच लाभलेली आहे. पुस्तक महाग असण्याचे कारण नाही. ग्रंथालयाचे चालेल, कपाटातील पान निखळलेले जुनेही चालेल. वडील मंडळींनी आपले मत अर्धा तास गिळून धरावे, एवढाच काय तो खर्च. तो पहिले दोन-चार दिवस जड जातो, हे मी अनुभवाने सांगतो. पुढे पुढे मात्र धाकटे काय बोलणार याची उत्सुकता इतकी वाढते की, आपले बोलावयाचे राहून गेले तरी त्याची खंत वाटत नाही.