दादीची पोत आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

पदवीचं शेवटचं वर्ष आलं की मुलांच्या तोंडी एकच शब्द असतो, प्रोजेक्ट. विषय स्वतः निवडायचा, काम स्वतः करायचं आणि शेवटी परीक्षकांसमोर बसून उत्तरं द्यायची, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात बऱ्याचदा मागच्या वर्षीची फाइल शोधली जाते, नाव बदललं जातं, झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग होतं आणि मुलं मोकळी होतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, कॉलेजात नाही. तरी या दिवसांत जुने विद्यार्थी फोन करतात, "आपा, एखादा सोपा विषय सांगा ना."

गेल्या वर्षी तेरच्या एका मुलीचा फोन आला. तिला लेखी प्रबंधाऐवजी सर्जनशील प्रकल्प करायची मुभा मिळाली होती. आपल्या दादीला घेऊन काहीतरी करायचं, एवढंच तिचं ठरलं होतं.

तेर म्हटलं की लोकांना गोरोबाकाका आठवतात. पण हे गाव त्याहून कितीतरी जुनं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात 'तगर' म्हणून त्याचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जायचं. त्या काळातले मणी, मातीच्या मूर्ती, नाणी गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं जमवली. आजचं तेरचं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. त्यांना हे काम कुणी नेमून दिलं नव्हतं. गावात सापडणारी वस्तू मोलाची आहे, असं त्यांना वाटलं आणि ते जमवत राहिले. स्वतंत्र प्रकल्प याहून वेगळा काय असतो?

या मुलीची दादी साठ वर्षं तेरमध्ये राहून संग्रहालयात कधी गेली नव्हती. नात तिला घेऊन गेली. मण्यांच्या कपाटापुढे दादी थांबली आणि म्हणाली, "हौ, ये तो अपनी पोत हय गे." काळ्या पोतीचा लच्छा आपल्याकडच्या बायका लग्नात घालतात, तो तिला तिथे दिसला. मुलीला तिचा विषय मिळाला. दादी एकेका वस्तूला जे म्हणेल, ते ऐकायचं.

आत शूटिंग करायचं तर परवानगी हवी आणि जमा करायची तारीख जवळ आलेली. तिनं कॅमेऱ्याचा नाद सोडला. वस्तूंची पेन्सिलनं चित्रं काढली, ती घरी ओट्यावर दादीपुढे ठेवली आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला. सहा तासांचं बोलणं जमलं. त्यात लग्नं होती, बहात्तरचा दुष्काळ होता, न जगलेली दोन लेकरं होती.

खरी अडचण पुढे आली. मार्गदर्शकांनी सुचवलं की निवेदन शुद्ध मराठीत असावं. घरातले चाचा म्हणाले, दादीची बोली लोकांना ऐकवू नकोस, हसतील. चांगल्या उर्दूत लिहून तूच वाच. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. पण दोन्ही सल्ले मानले असते तर दादीच उरली नसती. आपली दखनी धड उर्दू नाही, धड मराठी नाही, असं ऐकत आपण मोठे झालो. वर्गात मीही दोन्ही भाषांचं व्याकरण शिकवते. पण "नक्को" म्हणणारी बाई चुकीचं बोलत नाही, आपल्या भाषेत बोलते.

मी तिला नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या'बद्दल सांगितलं. नगरला शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून 2009 मध्ये केलेला तो लघुपट. शाळेत जाऊ पाहणाऱ्या एका गरीब मुलाची गोष्ट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही गोष्ट वेगळी. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की आपली माणसं आणि त्यांचं बोलणं परीक्षेला चालेल का, या भीतीनं त्यांनी ते बाहेर ठेवलं नाही.

शेवटचे पंधरा दिवस तिनं फक्त काटछाट केली. सहा तासांचे चौदा मिनिटं झाले. दुष्काळाचा एक मोठा भाग काढताना ती रडली. लेकरांचा भाग दादीला विचारून ठेवला. दादी म्हणाली, "रहने दे, नाम लेनेवाला कोन हय उनका." दादीचा आवाज आहे तसा राहिला, खाली मराठीत अर्थ दिला आणि शेवटच्या तारखेला काम जमा झालं.

तोंडी परीक्षेत विचारलं गेलं, "यात तुमचं स्वतःचं काय?" ती म्हणाली, "काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते मी ठरवलं." गुण बरे पडले, पहिली आली नाही. लातूरच्या नातेवाइकांनी मात्र पेन ड्राइव्हवर प्रत मागून घेतली. बोलीला नावं ठेवणाऱ्या चाचांनी ती दोनदा ऐकली.

यंदा जी मुलं शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांना एवढंच सांगते. सोपा विषय मागायला फोन करण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसा. मोबाइल चार्ज करून न्या. आणि त्यांचं बोलणं सुधारायला जाऊ नका.