नेतान्याचे हिरे

मराठी माणसापुढे सुरतेचे नाव घेतले की त्याच्या डोळ्यांपुढे १६६४ चा जानेवारी उभा राहतो. महाराजांचे घोडदळ, किल्ल्यात दडून बसलेला इनायतखान, वखारींची दारे लावून घेतलेले इंग्रज आणि वीरजी व्होराची खणून काढलेली दौलत. या शहरात चार दशके काढलेल्या माझ्यासारख्याला त्या एका सालावरून थट्टाही पुष्कळ सोसावी लागली आहे. 'परत आलात का?' असे प्रत्येक नव्या शेजाऱ्याने हसत विचारले आणि मीही दर वेळी हसून वेळ मारून नेली. परंतु गेली काही वर्षे सुरतेचा विचार करताना मला त्यानंतर बरोबर तीनशे वर्षांनी आलेले साल आठवू लागले आहे. त्याला कारण एक इस्रायली फुटबॉलपटू आहे. मोर्देखाय स्पीगलर हे त्याचे नाव. वरवर पाहता त्याचा आणि तापीकाठच्या या गावाचा काडीचाही संबंध नाही.

१९६४ च्या मे महिन्यात आशियाई चषकाची तिसरी स्पर्धा इस्रायलमध्ये भरली होती. संघ चारच : यजमान इस्रायल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग. बाकीच्या बहुतेकांनी माघार घेतली होती आणि भारतालाही पात्रता अशीच, न खेळता, मिळाली होती. तरीही आपला संघ कमअस्सल नव्हता. दोनच वर्षांपूर्वी जकार्त्याच्या आशियाई खेळांत त्याने सुवर्णपदक जिंकले होते, आणि तेही कोणत्या परिस्थितीत! इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना खेळांपासून दूर ठेवले. त्याला गुरुदत्त सोंधी या भारतीय क्रीडाधुरीणाने जाहीर हरकत घेतली. त्यावरून तेथील जमाव असा खवळला की अंतिम सामन्यात आपल्या खेळाडूंना लाखभर प्रेक्षकांचा हुर्यो ऐकत खेळावे लागले. कोरियाला २-१ असे हरवून ते परतले. इस्रायलच्या बाजूने एका भारतीयाने उच्चारलेल्या शब्दांची किंमत फुटबॉलच्या संघाने मोजली होती. तोच देश आता इस्रायलमध्ये खेळायला जात होता. आणि तेथे आपला राजदूतही नव्हता. भारताने इस्रायलला १९५० साली मान्यता दिली खरी, परंतु पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला १९९२ चा जानेवारी उजाडावा लागला.

२७ मे रोजी भारताने कोरियाला २-० असे नमवले. त्याच दिवशी दिल्लीत पंडित नेहरूंचे निधन झाले. आणि दुसऱ्या दिवसानंतर, २९ तारखेला, सामना होता तो इस्रायलशी. तो आपण ०-२ असा हरलो. पहिला गोल स्पीगलरचा. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पुढे हाँगकाँगला ३-१ असे हरवून भारत दुसरा आला, आणि आशियाई चषकात त्याहून वरची जागा आपल्याला आजवर मिळालेली नाही. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे दोघे होते, दोन-दोन गोलांचे : आपला इंदरसिंग आणि त्यांचा स्पीगलर.

येथे जरा थांबावेसे वाटते, कारण त्या उन्हाळ्यात इस्रायलमध्ये मराठी बोलणारी हजारो माणसे राहत होती. अलिबाग-पेणच्या परिसरातून गेलेले बेने इस्रायल. पेणकर, दिघेकर, झिराडकर. कोकणात ज्यांना 'शनिवार तेली' म्हणत, ती ही मंडळी. १९६४ साली ती तेथे एका वेगळ्याच लढ्यात गुंतलेली होती. विवाहाच्या बाबतीत धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका काढली होती, आणि ऑगस्ट महिन्यात संसदेला ठराव करून सांगावे लागले की ही माणसे इतरांइतकीच ज्यू आहेत. मे महिन्यातील त्या सामन्याच्या प्रेक्षकांत त्यांच्यापैकी काहीजण असणारच, असे मी धरून चालतो. ज्या देशाने त्यांना पुरते आपले म्हटलेले नव्हते त्याने ज्या देशातून ते आले होते त्याच्यावर गोल केला. आणि तोही त्या देशाचा पंतप्रधान गेल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्या क्षणी टाळी वाजवायची की हात मांडीवरच ठेवायचे, हा पेच फुटबॉलच्या नियमांत बसणारा नाही. पुढे या मंडळींनी इस्रायलमध्ये फुटबॉलपेक्षा क्रिकेटच जोपासले, याचे मला नवल वाटत नाही. मुंबईचे कसोटी पंच ज्युडा रूबेन हे त्यांच्यातलेच. माणूस देश बदलतो तेव्हा भाषा आणि खेळ या दोन गोष्टी सर्वांत शेवटी सोडतो.

स्पीगलर मात्र असा दुहेरी ओढीचा मनुष्य नव्हता. तो जन्मला १९४४ मध्ये, ऐन युद्धात, काळ्या समुद्रावरील सोचीला. बालपणीच इस्रायलमध्ये आला आणि नेतान्या या समुद्रकाठच्या गावचा झाला. तेथील मक्काबी नेतान्या या संघात तो वाढला. या गावाशी माझी गाठ पडली ती बँकेतल्या नोकरीमुळे. निर्यात विभागात बसून मी वर्षानुवर्षे हिऱ्यांची बिले पाहिली. हाँगकाँग, अँटवर्प, न्यूयॉर्क आणि रमत गान ही चार नावे पाहिल्याशिवाय माझा दिवस मावळत नसे. एकदा कतारगामचे एक कारखानदार, जे मालाच्या निमित्ताने इस्रायलला जाऊन आले होते, माझ्या टेबलाशी बसून म्हणाले, "साहेब, रमत गान हा बाजार. पण घंटी आधी फिरली ती नेतान्याला. तिथल्या फुटबॉलच्या संघाला लोक आजही 'हिरे'च म्हणतात." आणि त्यांनी पिशवीतून पिवळ्या-काळ्या रंगाचा एक गळपट्टा काढून दाखवला. त्यावर पैलू पाडलेल्या हिऱ्याचे चित्र होते. त्यांनी तो माझ्याकडे दिला नाही, फक्त दाखवला; हिऱ्याच्या व्यापाऱ्याची सवय.

नेतान्या वसले १९२९ मध्ये. सुरुवातीस संत्र्यांच्या बागांचे गाव. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास युरोपातून, विशेषतः बेल्जियममधून, निर्वासित होऊन आलेल्या कारागिरांनी तेथे हिरे घासायला सुरुवात केली आणि ओवेद बेन-अमी या तेथील महापौराने त्यांना आधार दिला. अँटवर्प जर्मनांच्या हाती पडले होते आणि जगाला पैलू पाडणारे हात हवे होते. संघ १९३४ पासूनच होता. धंदा नंतर आला आणि त्याने संघाला नाव दिले. आमच्याकडे घंटी म्हणतात ती फिरती लोखंडी थाळी, तिच्याभोवती बसलेली माणसे, डोळ्याला लावलेले भिंग, तेलात कालवलेली हिऱ्याची पूड : वराछा रोडवरील कारखान्यात जे दिसते तेच चित्र तेथेही होते. त्या गावातील घराघरातून असे हात होते आणि शनिवारी ते हात मैदानाच्या कठड्यावर असत.

त्या काळच्या इस्रायलमध्ये फुटबॉलपटूला आजच्या अर्थाने व्यावसायिक म्हणता येत नसे. मक्काबी, हापोएल, बेतार या संघटना राजकीय चळवळींशी बांधलेल्या. खेळाडू कागदोपत्री हौशी. मनाला येईल तेव्हा दुसऱ्या संघात जाण्याची मोकळीक नाही. स्पीगलर त्यामुळे आपल्या ऐन उमेदीची वर्षे एका छोट्या गावाच्या संघात खेळला. वारंवार लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरूनही त्याला लीगचे विजेतेपद मिळाले ते १९७१ मध्ये, संघाच्या इतिहासातले पहिलेच. मला हे फार उशिरा आलेले वाटते, आणि फार बरोबरही वाटते.

त्याच्या आधी एक वर्ष, ७ जून १९७० रोजी, मेक्सिकोतील तोलुका येथे, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरहून अधिक उंचीवर, विरळ हवेत, इस्रायल विश्वचषकात स्वीडनशी खेळत होते. पहिला सामना उरुग्वेने २-० असा जिंकला होता. त्रेपन्नाव्या मिनिटाला स्वीडनने गोल केला. छप्पन्नाव्या मिनिटाला संघनायक स्पीगलरने तो फेडला. १-१. पुढे इटलीशी ०-० अशी बरोबरी झाली (ही इटली अंतिम सामन्यापर्यंत गेली) आणि इस्रायल घरी परतले. त्यानंतर तो देश विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कधीच पोहोचला नाही. म्हणजे एका राष्ट्राचा विश्वचषकातील सगळा जमाखर्च एका गोलाचा आहे आणि तो हिरे घासणाऱ्या गावातल्या एका माणसाच्या नावे मांडलेला आहे. तीन मिनिटांचे कर्ज, जे त्याने फेडले. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला ही नोंद फार सुंदर वाटते.

यानंतर तो खऱ्या अर्थाने व्यावसायिक झाला. म्हणजे गाव सोडून गेला. १९७२ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, पॅरिसला. आधी पॅरिस एफसीकडे आणि मग पॅरिस सें जर्मेंकडे. आज तेलाच्या पैशावर जगातले तारे विकत घेणारा हा संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता आणि १९७४ मध्ये पहिल्या श्रेणीत चढला. तेथून न्यूयॉर्क कॉसमॉस. १९७५ च्या जूनमध्ये त्याच संघात पेले आला. सोचीत जन्मून नेतान्यात वाढलेला मनुष्य तिशी उलटल्यावर न्यूयॉर्कमध्ये पेलेला पास देतो, हे त्याच्या गावाने कसे ऐकले असेल! पुढे तो प्रशिक्षक झाला. राष्ट्रीय संघासाठी त्याने केलेल्या गोलांचा उच्चांक कित्येक दशके टिकला. तो मोडला एरान झहावीने, २०२१ मध्ये. २००३ मध्ये युरोपीय फुटबॉल महासंघाने सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रत्येक देशाचा एक 'सुवर्ण खेळाडू' निवडायला सांगितला, तेव्हा इस्रायलने त्याचेच नाव दिले.

युरोपीय महासंघाने? आशियात खेळलेल्या माणसाला? होय, कारण दरम्यान त्याच्या देशाला आशियाने काढून टाकले होते. १९७४ च्या तेहरान आशियाई खेळांत कुवेत आणि उत्तर कोरिया यांनी इस्रायलशी खेळण्याचेच नाकारले, आणि त्याच वर्षी आशियाई महासंघातून त्याची हकालपट्टी झाली. त्यानंतर हा संघ वीस वर्षे जगभर बिऱ्हाड शोधत फिरला. कधी ओशनियाच्या गटात, कधी आणखी कोठे. १९९४ मध्ये त्याला युरोपने पूर्ण सदस्य करून घेतले. स्पीगलरने ज्या स्पर्धेत भारतावर गोल केला, तिचे विजेतेपद आज अशा देशाच्या नावावर आहे जो त्या खंडाच्या फुटबॉलमध्ये उरलेलाच नाही. राजकारणातील बऱ्या-वाइटाविषयी प्रत्येकाने आपले मत बाळगावे. माझेही आहे आणि ते साधे नाही. पण १९६४ च्या त्या उपविजेतेपदाची आठवण आपल्याकडे इतकी क्षीण का झाली, याचे एक कारण मला येथे दिसते.

घंट्याही नेतान्याहून निघाल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इस्रायलमध्ये कच्च्या हिऱ्यांचा सट्टा बेसुमार वाढला, बँकांनी त्यासाठी सढळ कर्जे दिली, आणि १९८० च्या सुमारास तो फुगा फुटला. त्याच काळात लहान, हलक्या मालाला पैलू पाडण्याचे काम स्वस्त हातांकडे सरकत होते, आणि ते हात सुरतेत होते : काठियावाडातून, दुष्काळाला कंटाळून आलेली पटेलांची मुले. बाजार रमत गानला राहिला, मेहनत वराछाला आली. आज जगात घासल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत घासले जातात, असे येथे अभिमानाने सांगतात. २०२३ च्या डिसेंबरात खजोदला हिऱ्यांच्या बाजाराची प्रचंड इमारतही उभी राहिली.

'कारकीर्द' हा शब्द आपण राजांसाठी वापरत होतो, मग नटांसाठी, मग खेळाडूंसाठी वापरू लागलो. हिरा घासणाऱ्याला गुजरातेत 'रत्नकलाकार' असे फार गोड नाव आहे. पण त्याच्या आयुष्याला कोणी कारकीर्द म्हणत नाही. वास्तविक दोघांची गणिते सारखी आहेत. फुटबॉलपटूचे गुडघे पस्तिशीला बोलू लागतात, रत्नकलाकाराचे डोळे चाळिशीला. दोघेही पोरवयात शिकतात, दोघांनाही दर हंगामाला आपली किंमत नव्याने ठरवून घ्यावी लागते. एकाला नगावर मजुरी, दुसऱ्याला गोलावर टाळी. २००८ च्या मंदीत माझ्या टेबलावरची बिले निम्म्याने घटली, तेव्हा शेकडो मुले गाठोडी घेऊन अमरेली-भावनगरच्या बसमध्ये चढताना मी पाहिली. त्यांतल्या कोणाचाही छप्पन्नावा मिनिट कोठे नोंदलेला नाही.

आमच्या सुरतेत हिऱ्याच्या नावाचा फुटबॉल संघ नाही. लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियम आहे, ते क्रिकेटचे. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मुले मोकळ्या भूखंडांवर जे मिळेल ते खेळतात, त्यांत अलीकडे फुटबॉलही दिसतो. कतारगामच्या त्या कारखानदारांना मी निवृत्तीनंतर पुन्हा भेटलो. प्रयोगशाळेत बनणाऱ्या हिऱ्यांनी भाव पाडले होते, त्यांच्या अर्ध्या घंट्या झाकून ठेवलेल्या होत्या. बोलता बोलता मी गळपट्ट्याचा विषय काढला. तो त्यांच्या नातवाने नेला होता. तो मुलगा बडोद्यात शिकत होता आणि वसतिगृहाच्या संघात गोलरक्षक होता. "गोल करत नाही?" मी विचारले. "नाही," ते म्हणाले, "अडवतो." आणि झाकलेल्या घंट्यांवरची धूळ पाहत त्यांनी चहा मागवला.