पहिले सहा आठवडे

माझ्या दवाखान्यातल्या काट्यावर चढण्याआधी बायका चपला काढतात, पर्स खाली ठेवतात, मोबाइल नवऱ्याच्या हातात देतात. काही जणी बांगड्याही उतरवतात. गेले दोन आठवडे भात निम्म्यावर आणलेला असतो, संध्याकाळची भजी नको म्हटलेलं असतं. मग आकडा उमटतो आणि चेहरा उतरतो. आहारतज्ज्ञ म्हणून २१ वर्षं मी हे बघते आहे. माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांनी प्रयत्न सोडले, त्यांतल्या बहुतेकांनी ते वर्षभरानं कंटाळून सोडले नाहीत. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, याच काट्यापाशी सोडले.

काही वर्षांपूर्वी श्रावण संपता संपता एका घरातल्या दोन जावा एकत्र आल्या. थोरली ५२ वर्षांची, वजन ७१ किलो, मधुमेह. धाकटी ३८ वर्षांची, ६८ किलो, तपासण्या सगळ्या ठीक. दोघींनी एकाच दिवशी सुरुवात केली. थोरलीनं मी दिलेला आहार अक्षरशः पाळला. धाकटीनं तो घरी नेऊन स्वतःच कडक केला. पोळी, भात, भाकरी सगळं बंद. पंधरा दिवसांनी धाकटीचं वजन साडेतीन किलोंनी उतरलं होतं. थोरलीचं शंभर ग्रॅम वाढलं होतं.

“मॅडम, मला खाल्लेलं जरा जास्तच अंगी लागतं,” एवढंच ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. सासूबाई घरी काय म्हणाल्या असतील ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता हिशेब बघा. थोरलीनं रोजच्या खाण्यातून सुमारे ३०० कॅलरी कमी केल्या होत्या. एवढं कमी करणं सोपं नसतं, पण आयुष्यभर जमू शकतं. १४ दिवसांत ४,२०० कॅलरी झाल्या. शरीरातली एक किलो चरबी खर्ची पडायला साधारण ७,७०० कॅलरी लागतात. म्हणजे पंधरा दिवसांच्या प्रामाणिक कष्टाची कमाई अर्ध्या किलोहून थोडी जास्त. आणि आपलं वजन एका दिवसातच किलो-दीड किलोनं इकडेतिकडे होतं. पेलाभर पाणी पिऊन काट्यावर चढा, पाव किलो वाढलेलं दिसेल. रात्री लोणचं-पापड जास्त झाले की मीठ पाणी धरून ठेवतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत पाणी साठतं. दोन दिवस पोट साफ झालं नाही तर तेही काट्यावर उतरतं. नव्यानं व्यायाम सुरू केला की दुखरे स्नायूही काही दिवस पाणी धरतात. या सगळ्या गर्दीत गेलेली अर्धा किलो चरबी दिसणार कशी?

थोरलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. मधुमेह हाताबाहेर गेलेला असतो, रक्तातली साखर साधारण १८०च्या वर राहते, तेव्हा ती लघवीवाटे बाहेर पडू लागते. खाल्लेल्या अन्नातला काही भाग असा वाया जातो. पथ्य आणि औषधं लागू पडली की ही गळती थांबते, अन्न अंगी लागू लागतं, आणि वजन काही काळ अडून बसतं किंवा थोडं वाढतंही. तिची उपाशीपोटीची साखर २१२ वरून १६४ वर आली होती. न हललेला काटा ही तिच्या सुधारणेचीच खूण होती.

धाकटीचे साडेतीन किलो कुठून गेले? यकृत आणि स्नायूंमध्ये आपण ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा ठेवतो, सुमारे अर्धा किलो. त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी एकदम बंद केली की हा साठा रिकामा होतो आणि पाणीही जातं. दोन किलोंपर्यंत वजन असंच हलकं होतं. त्यात एरवी पोटात असणारं अन्न कमी, मीठ कमी. चरबी गेली असेल ती किलोभर. नवरात्राच्या उपवासात साबुदाण्याची खिचडी आणि वरीचे तांदूळ पोटात गेले, साठा पुन्हा भरला, आणि दसऱ्याच्या आठवड्यात तिचं वजन ६७ झालं. ती पुन्हा आली नाही. याची मला अजून हळहळ वाटते, कारण तिला फसवलं ते पहिल्या पंधरा दिवसांच्या यशानं, आणि तिला आधीच सावध करणं माझं काम होतं.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. सुरुवातीची कितीतरी वर्षं वजन न उतरलेल्या माणसाच्या केसपेपरवर मी ‘पथ्य पाळत नाही’ असं लिहीत असे. तोंडानं बोलत नसे, पण माझ्या प्रश्नांच्या सुरात ते येत असणार. “खरं सांगा, बाहेरचं काही खाल्लंत का?” हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल! जी बाई घरातल्या सगळ्यांना गरम पोळ्या वाढून स्वतः दीड पोळीवर उठली, तिला मी खोटं ठरवत होते. त्यातल्या कित्येक जणी परत आल्या नाहीत.

चरबी जाते कुठे, याबद्दलही आपल्या कल्पना चुकीच्या आहेत. ती तुपासारखी वितळून घामावाटे बाहेर पडते, असं समजून माणसं भर उन्हात प्लॅस्टिकचं जाकीट घालून धावतात. २०१४ साली रूबेन मिअरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोन अभ्यासकांनी याचा नेमका हिशेब मांडला: दहा किलो चरबी पूर्ण जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. मला हे फार आवडतं. श्वासागणिक चिमूटभर जाणारी गोष्ट पंधरा दिवसांत डोळ्यांना दिसावी, ही अपेक्षाच गैर आहे.

मग बघायचं काय? कंबर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, युडकिनांच्या ९.१ टक्के. काट्याच्या लेखी दोघे सारखे. आपण भारतीय माणसं बारीक दिसूनही पोटाच्या आत चरबी बाळगतो, ती काट्यावरच्या आकड्यात लपते आणि कंबरेच्या मापात उघडी पडते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, शिंप्याची टेप न आवळता माप घ्यायचं. घरात टेप नसेल तर परकराची जुनी नाडीही चालते. पहिल्या दिवशी तिला गाठ मारून ठेवायची.

आणि दुसरी गोष्ट, जी मी प्रत्येकाला सांगते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा तीनेक वर्षं पाठपुरावा केला. निष्कर्ष २००६ साली आले. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांनी चालणं वाढवलं आणि खाणं सुधारलं, त्यांच्यात ३९ जणांना. आणि या दुसऱ्या गटाचं सरासरी वजन लक्षणीय असं उतरलंच नव्हतं! काटा जागचा हलला नाही आणि मधुमेह तरी टळला.

याचा अर्थ कधीच न हलणाऱ्या काट्याकडे डोळेझाक करावी असा नाही. तीन महिने नेमानं करूनही वजन आणि कंबर दोन्ही तसंच असेल, तर थायरॉईड तपासायला हवं. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या आणि फिट्सच्या काही गोळ्या वजन वाढवतात. त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांशी बोलायचं. आणि तेलाची पिशवी महिन्याला किती लागते ते लिहून ठेवायचं. एका लिटर तेलात आठ हजारांहून जास्त कॅलरी असतात. पोळ्या मोजणाऱ्या घरांतही फोडणीतलं तेल कुणी मोजत नाही.

त्या पहिल्या पंधरवड्यानंतर थोरलीला मी सहा आठवडे काट्यावर चढू दिलं नाही. दर रविवारी सकाळी कंबर, पंधरा दिवसांनी साखर, आणि जिन्याच्या कितव्या पायरीला धाप लागते त्याची नोंद. सहा आठवड्यांनी वजन केवळ चारशे ग्रॅमनं कमी होतं. कंबर ९६ ची ९४ झाली होती, साखर १३८, आणि दोन मजले ती न थांबता चढत होती. “मॅडम, ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्यात,” हे तिनंच मला सांगितलं. सहा महिन्यांनी ती साडेसहासष्ट किलोंवर आली. आजही त्याच्या आसपासच आहे.

हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा चकली-करंजीचे डबे उघडलेले असतील. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढू नका. दीड किलो वाढलेलं दिसेल आणि ती सगळी चरबी नसेल. दीड किलो चरबी साठवायला गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतात. मीठ आणि पाणी आठवडाभरात जाईल. आणि घरात कुणी नुकतीच सुरुवात केली असेल, तर तिला ‘किती उतरलं?’ असं विचारू नका. संध्याकाळी चपला घाला आणि तिच्याबरोबर चालायला जा.